गेमिंग लॅपटॉप निवडताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी टप्प्याटप्प्यानं

गेमिंग लॅपटॉप घेताना बहुतेक जण झाकणाखालचा स्टिकर वाचतात आणि पैसे मोजतात. आरटीएक्स (एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र रंगवणारा भाग) लिहिलंय, आय-सेव्हन (प्रोसेसर) लिहिलंय, १६ जीबी रॅम आहे, दुकानदार म्हणतोय, ‘सगळं चालतंय की!’ घरी आल्यावर कळतं की मित्राच्या लॅपटॉपवर, त्याच नावाच्या कार्डावर, तोच गेम सुरळीत चालतोय आणि आपल्याकडे अडखळतोय. स्टिकर सारखेच असतात. फरक ज्या गोष्टींनी पडतो त्या स्टिकरवर छापलेल्याच नसतात: कार्डाला मिळणारे वॅट, रॅमच्या पट्ट्या किती, पडद्याचा दर्जा, चार्जरची ताकद, आणि बिघाड झाल्यावर दुरुस्तीचा माणूस आपल्या गावापर्यंत येतो की नाही.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या. बहुतेक जण दुकान आधी ठरवतात, मग तिथं जे असेल त्यातून मॉडेल निवडतात आणि गेमचा विचार शेवटी करतात. पैसे वाया जातात ते या उलट्या क्रमामुळे.

## टप्पा १: गेमची यादी कागदावर लिहा

पुढच्या दोन-तीन वर्षांत नक्की खेळणार आहात असे पाच गेम लिहा आणि त्यांचे तीन गट पाडा.

हलके: वॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २. यांत ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर आणि जलद पडदा महत्त्वाचा.

मधले: जीटीए ५, ईए एफसी, फोर्टनाइट. साधारण कार्डावर चांगले चालतात.

जड: सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्प्शन २, ब्लॅक मिथ वुकाँग. इथं कार्ड, कार्डाची मेमरी आणि थंड ठेवण्याची व्यवस्था, तिन्हींची परीक्षा होते.

यादीत फक्त हलके गेम असतील तर महागडं कार्ड घेऊ नका. तोच पैसा पडद्यात आणि प्रोसेसरमध्ये घाला. बीजीएमआय हा मोबाइलचा गेम आहे, त्याच्यासाठी लॅपटॉप घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

यादीखाली दुसरी कामंही लिहा. इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स लागतं. कुणाला व्हिडिओ एडिटिंग. आणि लॅपटॉप रोज पाठीवर घेऊन खानापूर ते बेळगाव बसनं जायचं आहे का, तेही लिहा. १५.६ इंचाचा गेमिंग लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा असतो, चार्जरची वीट वेगळी अर्धा-पाऊण किलोची. दुकानात दोन मिनिटं हातात धरून हे वजन कळत नाही. चार्जरसकट बॅगेत घालून खांद्यावर घेऊन बघा.

## टप्पा २: बजेटमधून आधीच काढून ठेवायचे पैसे

जेवढे पैसे आहेत तेवढ्याचा लॅपटॉप घेऊ नका. आधी पाच ते सात हजार बाजूला ठेवा. त्यातून चांगला माउस, हेडफोन, मागची बाजू उचलून धरणारा स्टँड, अर्थिंगसह चालणारा चांगला स्पाइक गार्ड, रॅमची पट्टी लागणार असेल तर तिचे पैसे वेगळे धरा. ही तयारी नसेल तर लॅपटॉप येतो, पण गादीवर ठेवून टचपॅडवर गेम खेळावा लागतो. गादीवर ठेवला की खालची हवेची जाळी बुजते आणि लाखाचा लॅपटॉप साठ हजाराच्या लॅपटॉपसारखा चालायला लागतो.

सावधान: किंमत कमी दिसली तर विंडोज आहे का ते वाचा. काही स्वस्त मॉडेल डॉस किंवा लिनक्सवर येतात. विंडोज वेगळं विकत घेतलं की स्वस्ताई संपली.

## टप्पा ३: ग्राफिक्स कार्ड – नाव, वॅट, मेमरी

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

नाव. लॅपटॉपमधलं कार्ड आणि डेस्कटॉपमधलं कार्ड यांचं नाव सारखं असलं तरी चिप सारखी असतेच असं नाही. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५,८८८ कुडा कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) आहेत, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८. म्हणून यूट्यूबवर कार्डाची चाचणी बघताना ती लॅपटॉपचीच आहे का ते आधी बघा.

वॅट. एकच कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीनं चालवलं जातं. या मर्यादेला टीजीपी म्हणतात. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०५० आणि ४०६० साठी एनव्हिडियानं दिलेला पट्टा ३५ ते ११५ वॅट आहे. म्हणजे पातळ, देखण्या लॅपटॉपमधला ४०६० साठ वॅटवर चालू शकतो आणि जाड, ओबडधोबड लॅपटॉपमधला तोच ४०६० ११५ वॅटवर, वर २५ वॅटचा डायनॅमिक बूस्ट (गरजेला मिळणारी जादा वीज) धरून १४० वर. स्टिकर दोन्हीकडे हुबेहूब. कमी वॅटचा ४०६० घसरून पूर्ण वॅटच्या ४०५० च्या जवळ येऊन बसतो, म्हणजे वरच्या कार्डाचे दिलेले पैसे गेलेच.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ४०५० आणि ४०६० ही कार्डं साधारण १०० वॅटच्या पुढे फारशी वाढत नाहीत. ६० आणि १०० वॅटमध्ये निवड असेल तर १०० साठी जादा पैसे द्या. १०० आणि १४० मध्ये असेल तर देऊ नका, ते रॅमसाठी ठेवा.

दुकानात सरळ विचारा, ‘अण्णा, ह्याचा टीजीपी किती वॅट?’ उत्तर आलं नाही तर झाकणाखाली लिहिलेला पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, फोनवर कंपनीच्या साइटवर घाला आणि तांत्रिक माहितीत ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ ही ओळ शोधा. एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलांत फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी असतात आणि वॅट, पडदा, रॅम सगळं बदललेलं असतं. ‘हाच तो’ म्हणून मित्राचं मॉडेल मागणारे इथंच फसतात.

मेमरी. ४ जीबीचं कार्ड आता गेमिंगसाठी घेऊ नका. आरटीएक्स २०५० आणि ३०५० चं जुनं रूप या गटातलं. ६ जीबी (४०५०) हलक्या आणि मधल्या गेमना पुरतं, जड गेममध्ये टेक्स्चर (चित्रातला बारकावा) कमी करावं लागतं. ८ जीबी (४०६०, ५०५०, ५०६०) हा आज १०८०पी (१९२०×१०८० ठिपक्यांचा पडदा) साठी समाधानाचा आकडा. लॅपटॉपच्या ४०७० लाही ८ जीबीच आहे, त्यामुळे केवळ मेमरीच्या आशेनं ४०६० वरून ४०७० वर उडी मारू नका. मेमरी भरली की सरासरी फ्रेमचा (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) आकडा ठीक दिसतो, पण नवा भाग लोड होताना गेम झटके खातो. कार्ड बदलता येत नाही आणि त्याची मेमरी वाढवता येत नाही, म्हणून ही निवड एकदाच होते.

सावधान: जाहिरातीतले फ्रेमचे आकडे फ्रेम जनरेशन चालू ठेवून मोजलेले असू शकतात. त्यातल्या मधल्या फ्रेम कार्डानं अंदाजानं बनवलेल्या असतात. पडद्यावर हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर गेमनं दिलेलं उत्तर जलद होत नाही. तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असलेलेच आकडे धरा.

## टप्पा ४: प्रोसेसर – शेवटचं अक्षर वाचा

‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन’ या प्रश्नात अडकू नका. आधी शेवटचं अक्षर बघा. यू असेल तर तो कमी विजेवर चालणारा, ऑफिसच्या कामाचा. गेमिंगला एच, एचएस किंवा एचएक्स पाहिजे. चांगल्या कार्डासोबतचा एच मालिकेतला आय-फाइव्ह हा कमजोर कार्डासोबतच्या आय-सेव्हनपेक्षा गेममध्ये पुढेच राहतो.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो. ७५३५एचएस मधला ३ म्हणजे जुनी झेन ३ प्लस रचना, ७६४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४. सुरुवातीचा ७ बघून दोन्ही नवे समजू नका.

रायझन ७ ७४३५एचएस मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. त्यामुळे साधं ब्राउझर उघडलं तरी मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी लवकर उतरते. घरी टेबलावरच चालवायचा असेल तर हरकत नाही. कॉलेजात दिवसभर न्यायचा असेल तर टाळा.

## टप्पा ५: रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी, तीही ८+८ अशा दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असली की प्रोसेसरला मेमरीपर्यंत जायला एकच वाट मिळते, दोन असल्या की दोन. हलक्या गेममध्ये, जिथं प्रोसेसर सगळा भार उचलतो, हा फरक लगेच जाणवतो: गेम मध्येच क्षणभर थबकतो आणि पुन्हा धावतो. लोक याला नेटचा लॅग समजून वायफायवर चिडतात.

तपासायला सोपं आहे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ दिसते. ‘२ पैकी १’ असेल तर एक पट्टी आहे आणि दुसरीला जागा आहे. अशा वेळी आतल्यासारखीच, त्याच प्रकारची (डीडीआर४ की डीडीआर५), त्याच वेगाची पट्टी घाला. रॅम बोर्डलाच जोडलेली असेल तर वाढवता येणार नाही, म्हणून घेण्याआधी विचारा. आणि मागचं झाकण उघडल्यानं वॉरंटीवर काय परिणाम होतो ते कंपनीच्या सेवा केंद्राला विचारून ठेवा. उत्तर कंपनीगणिक बदलतं.

एसएसडीचं (गेम साठवायच्या जागेचं) गणित थोडक्यात. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. विंडोज आणि कामाची सॉफ्टवेअरं गेली की उरतात साडेतीनशेच्या आसपास. एकटा रेड डेड रिडेम्प्शन २ दीडशे जीबी मागतो, वुकाँग १३०. दोन जड गेम बसले की घर भरलं. म्हणून १ टीबी घ्या, नाहीतर दुसरी एम.२ जागा (एसएसडी बसवायची खाच) मोकळी असलेलं मॉडेल घ्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून नवे गेम चालवू नका, लोड व्हायलाच कंटाळा येईल.

## टप्पा ६: पडदा

लॅपटॉपवर आपण तासन्‌तास पडदाच बघतो, आणि कंपन्या पहिली काटछाट तिथंच करतात. माहितीपत्रकात तीन आकडे शोधा.

रंग: ‘४५ टक्के एनटीएससी’ असं असेल तर रंग धुतल्यासारखे फिके. ‘१०० टक्के एसआरजीबी’ पाहिजे. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी यात तडजोड करूच नये.

उजेड: २५० निट्स खिडकीजवळ कमी पडतो. ३०० किंवा जास्त घ्या.

वेग (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो): १४४ हर्ट्झ पुरे. १६५ आणि १४४ मधला फरक डोळ्यांना क्वचित कळतो. ६० आणि १४४ मधला पहिल्याच दिवशी कळतो.

रिझोल्यूशन कार्डाला झेपेल तेवढंच. ४०५०, ४०६० सोबत १९२०×१०८० किंवा १९२०×१२०० योग्य. २५६०×१६०० चा पडदा दुकानात मोहात पाडतो, पण त्यात जवळपास दुप्पट ठिपके आहेत. ते रंगवायचं काम त्याच कार्डावर पडतं.

मक्स स्विच असलेलं मॉडेल मिळालं तर बघा. तो असला की कार्ड थेट पडद्याला जोडता येतं, चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून वळसा घालून येत नाही.

## टप्पा ७: घरची वीज, धूळ आणि पाऊस

मॉडेल ठरण्याआधीच हा टप्पा घ्यायचा, कारण बरेच बिघाड इथूनच येतात.

चार्जरची ताकद. कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे ४५ वॅट, आणि पडदा-पंख्यांसाठी २५ अशी बेरीज करा. ९५ वॅटचं कार्ड असेल तर १६५ झाले. १८० वॅटचा चार्जर ठीक, १५० चा अपुरा. अपुऱ्या चार्जरची खूण अशी की प्लग लावलेला असूनही गेम खेळताना बॅटरीचा टक्का हळूहळू उतरत जातो.

व्होल्टेज. गावाकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. त्याला घाबरून स्टॅबिलायझर घेऊ नका. चार्जरवर ‘इनपुट १००–२४०’ असं छापलेलं असतं, तो १७० वरही निमूट चालतो. खरा धोका अचानक येणाऱ्या झटक्याचा आणि विजेचा आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस गडगडाटासह येतो तेव्हा चार्जर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरची लॅन केबल लॅपटॉपला जोडलेली असेल तर तीही काढा. लोक चार्जर आठवणीनं काढतात आणि केबल विसरतात, मग पोर्ट जळतो.

अर्थिंग. जुन्या कौलारू घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकाला तारच नसते. धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात ते यामुळे. वायरमनला मल्टीमीटर लावायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचं अर्धं काम बंद असतं. थ्री-पिनची वरची पिन कापणं किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावणं अजिबात नको.

लाईट गेल्यावर. लॅपटॉपला यूपीएस लागत नाही, त्याच्या पोटात बॅटरी आहेच. यूपीएस लागतो राउटरला. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या. मात्र बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीनं चालत नाही. लाईट गेल्या क्षणी फ्रेम धाडकन उतरतात, तो दोष नव्हे. घरी इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर मोठे चार्जर गुणगुणतात, तापतात, कधी बंदही पडतात. १५० एएच ची चांगली बॅटरी असेल तर दोन पंखे, दिवे आणि गेमिंग लॅपटॉप मिळून तीनएक तास निघतात. जुनी असेल तर निम्मेही नाहीत. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचं पोर असेल तर इन्व्हर्टरवर गेम लावू नका.

धूळ. निपाणी भागात तंबाखूची धूळ, उद्यमबागेजवळ कारखान्यांची, साखर कारखान्यांच्या आसपास गळिताच्या दिवसांत उडणारी काजळी, आणि लाल मातीच्या रस्त्याकडेला फुफाटा. हे सगळं पंख्यातून आत जाऊन तांब्याच्या पट्ट्यांवर वाकळेसारखं बसतं. म्हणून खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारं मॉडेल घ्या. लॅपटॉप उलटा करून बघा: हवा आत घ्यायची जाळी मोठी हवी, रबराचे पाय उंच हवेत, आणि गरम हवा बाहेर पडायच्या जागा निदान दोन. एकच जागा आणि तीही माउस धरणाऱ्या हाताकडे असेल तर उन्हाळ्यात हात भाजेल.

दमट हवा. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. लॅपटॉप आठवडाभर बंद करून बॅगेत ठेवू नका. एक दिवसाआड अर्धा तास चालवा, आतल्या गरमीनं ओल निघून जाते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

## टप्पा ८: कुठून घ्यायचा

बेळगाव, कोल्हापूर, गोवा की ऑनलाइन? कराच्या आशेनं राज्य बदलू नका. लॅपटॉपवर जीएसटी सगळीकडे १८ टक्केच आहे. कर्नाटकातल्या दुकानात बिलावर ९+९ दिसेल, बाहेरच्या राज्यातून मागवला तर एकच १८ चा आकडा. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे, त्यांनी तिथं जरूर भाव विचारावा. पण भावाइतकाच दुरुस्तीचा विचार करावा.

कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड घालून दोन गोष्टी बघा. सेवा केंद्र कुठल्या गावात आहे? आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन उचलून न्यायची? साइटवर ‘ऑनसाइट’ लिहिलेलं असलं तरी आपल्या पिनकोडला ती लागू आहे का हे कस्टमर केअरला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. बेळगाव शहरात जी सेवा दोन दिवसांत मिळते, ती कणकुंबीकडच्या वाडीत मिळेल असं धरून चालू नका. पिनकोडनं नकार दिला तर नोंदणीचा पत्ता शहरातल्या नातेवाइकाचा देता येतो का ते विचारा.

आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाईक आणणार असतील तर ती वॉरंटी भारतात चालते का हे मॉडेल नंबर देऊन कंपनीकडून लेखी घ्या. की-बोर्डवरची अक्षरं आणि प्लगचा आकारही वेगळा असू शकतो.

धंद्याच्या नावावर घेत असाल तर बिल निघायच्या आधी जीएसटी नंबर द्या. नंतर दुरुस्त करून घेताना खेटे पडतात.

तपासा: बिलावर सीरियल नंबर आहे का? तो कंपनीच्या साइटवर घातल्यावर वॉरंटीची सुरुवात आजची दिसते का? चार महिने आधीची दिसली तर तो शोकेसमधला किंवा आधी विकलेला नग असू शकतो. दुकानातून उठायच्या आत दुरुस्त करून घ्या.

## टप्पा ९: पैसे देताना अर्धा तास

ऑनलाइन असेल तर खोकं फोडण्याआधीपासून अखंड व्हिडिओ काढा, ओपन बॉक्स डिलिव्हरी (आणणाऱ्यासमोरच खोकं उघडणं) मिळत असेल तर तीच घ्या. दुकानात असेल तर समोरच सुरू करायला सांगा. नव्या विंडोजला नेट लागतं, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. मग या क्रमानं:

१. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना.

२. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम, पट्ट्या, एसएसडी.

३. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ समोरचा आकडा माहितीपत्रकाशी जुळतो का.

४. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग पूर्ण पडद्यावर लावा. बंद ठिपका काळ्यावर नाही, पांढऱ्यावर दिसतो. अडकलेला उजळ ठिपका काळ्यावर दिसतो. काळ्या रंगावर कोपऱ्यातून उजेड फुटतो का तेही बघा.

५. प्रत्येक की, प्रत्येक यूएसबी पोर्ट, हेडफोनचं छिद्र, कॅमेरा, माइक. पेन ड्राइव्ह सोबत न्या.

६. बॅटरी रिपोर्ट काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक स्पेस, स्लॅश, ‘बॅटरीरिपोर्ट’ हे इंग्रजीत टाइप करा. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता यांत मोठी तफावत नको. सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज झाली) नव्या मशीनला अगदी थोडा असतो.

दुकानदाराची घाई असली तरी हे संपेपर्यंत ऐकू नका. गिऱ्हाईक दारातून बाहेर पडलं की तक्रार ऐकून घेण्याची तयारी निम्म्यावर येते.

## टप्पा १०: पहिला आठवडा

बदलून मिळण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी सातच दिवसांची असते. ‘सुट्टीत लावून बघू’ म्हणणाऱ्याची मुदत खोक्यातच संपते.

पहिल्या दिवशी विंडोज अपडेट, मग कंपनीचे ड्रायव्हर, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट सुचवलं तर चार्जर जोडून, बॅटरी निम्म्याहून जास्त असताना करा. वळवाच्या संध्याकाळी किंवा लाईट ये-जा करत असताना करू नका. बायोस अर्ध्यात थांबलं तर मदरबोर्ड सेवा केंद्रात न्यावा लागतो. वॅलोरंट खेळणाऱ्यांनी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग चालू आहेत का तेही आत्ताच बघा, विंडोज ११ वर त्याशिवाय गेम सुरू होत नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घाला. लॅपटॉप कडक टेबलावर, मागून दोन-तीन सेंटिमीटर उचललेला, परफॉर्मन्स मोडवर, चार्जर जोडलेला. यादीतला सगळ्यात जड गेम सलग अर्धा तास खेळा आणि तीन आकडे टिपा: कार्डाचं तापमान, कार्डाचे वॅट, प्रोसेसरचं तापमान.

कार्ड ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान असेल तर ठीक. प्रोसेसर मधूनच ९५ ला टेकून खाली येत असेल तर गेमिंग लॅपटॉपांत ते चालतं. सतत तिथंच चिकटून राहत असेल आणि वेग घसरत असेल तर नाही. कार्डाचे वॅट सांगितल्याच्या फार खाली असतील तर आधी मोड, चार्जर आणि फ्रेमची मर्यादा तपासा. गेममध्ये फ्रेम ६० वर बांधलेली असेल तर कार्ड मुद्दामच कमी वीज घेतं. हे सगळं नीट असूनही वॅट कमी येत असतील तर पडद्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

शेवटी एक सेटिंग. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच राहणार असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा. सतत १०० टक्के आणि सोबत गेमची गरमी, यानं बॅटरी फुगू शकते. टचपॅड वर आलेला दिसला किंवा खालचं झाकण टेबलावर सपाट बसेनासं झालं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि सेवा केंद्रात न्या. दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका.

पंख्याची सफाई धुळीच्या गावात तीन महिन्यांनी, एरवी सहा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. पाती टूथपिकनं अडवून धरा आणि मग ब्लोअरचे छोटे छोटे झोत मारा. पंखा मोकळा ठेवून जोरात हवा मारली तर तो भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं, आणि त्यानंतर येणारी खरखर सफाईनं जात नाही.